वाईच बसा की

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन)



सूत्रसंचालकानं माझी ओळख 'समाजसेविका' अशी करून दिली. त्याचं मन मोठं आहे, पण मी सिस्टर. ३६ वर्षं सरकारी नोकरीत पांढरे कपडे घातले, २०२३ला निवृत्त झाले आणि आता आठवड्यातले तीन दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाते. जखमा धुते, नळी बदलते, घरच्यांना कूस बदलायला शिकवते. समितीनं मला विषय दिलाय 'अध्यात्म आणि सेवा'. जेवणात तांबडा-पांढरा आहे हे मला ठाऊक आहे, त्यामुळे लांबवणार नाही. गणिताच्या बाई पहिल्या रांगेत आहेत, तेव्हा आकडेही जपून सांगते.

माझे वडील माळकरी होते. आषाढीला पंढरपूरला जाणं जमलं नाही तर ते नंदवाळला चालत जायचे, आणि पाच वर्षांची झाल्यापासून मी त्यांच्याबरोबर. एवढंच माझं अध्यात्माचं शिक्षण. मोठे ग्रंथ मी वाचलेले नाहीत. नोकरीत लागल्यावर एक सवय मात्र लागली. प्रत्येक रुग्णाकडे जाण्यापूर्वी हात धुवावे लागतात, आणि नीट धुवायचे तर वीस सेकंद तरी लागतात. तेवढ्या वेळात मी रामकृष्णहरी म्हणायचे. सुरुवातीला वेळ मोजायला म्हणत होते. मग लक्षात आलं, की आधीच्या खाटेवरचं ओझं त्या पाण्याबरोबर खाली जातंय आणि पुढच्या खाटेवर मी रिकामी पोहोचतेय. वॉर्डात ४० खाटा असल्या की हे फार उपयोगी पडतं. माझी साधना विचाराल तर ती बेसिनपाशी झाली.

पुढे एकदा आळत्याच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस बसून आले. आपल्या हातकणंगल्याजवळच आहे ते. तिथं एक तास न हलता बसायचं असतं. पायाला रग लागते, मग गुडघा जळायला लागतो. सांगतात, बघत राहा. बघत राहिल्यावर कळतं, की ती आग एकसारखी नसते, वाढते, सरकते, मध्येच थोडी विझते. गुडघ्याचं सोडा, पण दुसऱ्याचं दुखणं बघताना आपल्याला जी पळून जायची घाई होते, तीसुद्धा अशीच येते आणि थोडं थांबलं की जाते. हे मला तिथं उमगलं. पळायची ही घाई आपण सगळे ओळखतो. आजाऱ्याच्या घरी गेल्यावर दहाव्या मिनिटाला आपण घड्याळ बघतो, नाहीतर सल्ले द्यायला लागतो. कारल्याचा रस, अमुक डॉक्टर, तमुक देवस्थान. सल्ला हा पळून जाण्याचाच सभ्य प्रकार आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मला ज्या माणसाबद्दल बोलायचंय ते म्हणजे गाडगे महाराज. २३ फेब्रुवारी १८७६ला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्म, नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर, १९०५ साली घर सोडलं. शाळेत आपण एवढं लिहून मार्क मिळवलेत. शासनानं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं, चांगलंच केलं. पण त्यानं एक झालं, आपल्या डोक्यात बाबांचा फक्त खराटा राहिला. पंढरीला लाखो माणसं दर्शनाच्या रांगेत उभी असताना हा माणूस चंद्रभागेचं वाळवंट झाडत असे, हे आपल्याला पाठ आहे. तो झाडून कोणासाठी जागा करत होता, हे आपण विसरतो. पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली, कारण ज्यांना कोणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं त्यांना पाठ टेकायला जागा हवी होती. पुढे ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. आंधळ्या, पांगळ्या, महारोगी माणसांसाठी अन्नछत्रं घातली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. सिस्टर म्हणून मला यातलं शेवटचं सगळ्यात मोठं वाटतं. रुग्णाची काळजी करणारे पुष्कळ असतात. रुग्णाबरोबर आलेली म्हातारी रात्री कुठं झोपते, हा प्रश्न त्या काळी एका न शिकलेल्या माणसाला पडला.

त्या प्रश्नाचं उत्तर मी स्वतः अनुभवलंय. धाकट्या भावाला कॅन्सर झाला तेव्हा महालक्ष्मी एक्स्प्रेसनं त्याला परळला टाटा रुग्णालयात घेऊन जायचो. मुंबईत आमचं कोणी नाही. दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, टाटाला येणारे रुग्ण आणि त्यांची माणसं तिथं अगदी नाममात्र पैशात राहतात. बिहार, बंगाल, आसाम, आपली बीड-परभणीची माणसं, सगळी तिथं. माझ्या शेजारी बिहारची एक बाई होती, तिचा सात-आठ वर्षांचा मुलगा केस गेलेल्या डोक्यावर टोपी घालून जिन्यावर खेळायचा. तिला मराठी येत नव्हतं, माझं हिंदी तुम्हाला माहीत आहे, कोल्हापुरी. भावाचं ऑपरेशन चालू होतं त्या दिवशी ती माझ्याबरोबर रुग्णालयात आली आणि सहा तास बाकावर बसून राहिली. एक शब्द बोलली नाही. दुपारी पिशवीतून चपाती काढून अर्धी मला दिली. माझ्या आयुष्यात मला मिळालेली सगळ्यात चांगली नर्सिंग ती होती. पुढच्या खेपेला ती मायलेकरं तिथं नव्हती. भाऊ त्यानंतर दीड वर्ष होता.

बाबांची आणखी एक गोष्ट सांगितली जाते. आपला गगनबावड्याचा घाट उतरून वैभववाडीवरून पुढं गेलं की खारेपाटण लागतं. तिथं कीर्तन चालू असताना त्यांना एकुलत्या एका मुलाच्या, गोविंदाच्या मृत्यूची बातमी कळली, आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. ही गोष्ट व्याख्यानांत अशी सांगतात, की बघा, संत कसा दुःखाच्या पलीकडे गेलेला असतो. मला ते सांगणं कधीच पटलं नाही. ज्याला स्वतःच्या पोराचं काही वाटत नाही तो परक्याच्या पोरासाठी धर्मशाळा कशाला बांधेल? मला वाटतं, त्या रात्री समोर बसलेल्यांपैकी कितीतरी आयांची लेकरं गेलेली होती. एका बापाचं दुःख त्या सगळ्यांच्या दुःखात जाऊन बसलं. वॉर्डात मी हे पाहिलंय. मूल गेलेली आई सहा महिन्यांनी परत येते, दुसऱ्याच्या मुलासाठी दूध घेऊन. तिला आपण विरक्त म्हणत नाही.

आता एक गोष्ट सिस्टर म्हणून बजावते, नाहीतर माझ्या बोलण्याचा भलताच अर्थ निघेल. माणूस कळवळत असेल तर आधी औषध, मग अभंग. भोग आहेत, सोसावे लागतात, असं कळवळणाऱ्याला सांगू नये. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स या बाई आधी परिचारिका होत्या, मग समाजसेवक, मग डॉक्टर झाल्या, आणि १९६७ला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हे मरणाच्या दारातल्या रुग्णांसाठीचं रुग्णालय काढलं. त्यांचं म्हणणं होतं की वेदना शरीराची असते, मनाची असते, घरादाराची असते आणि आत्म्याचीही असते, आणि चारींकडे एकदम बघावं लागतं. पण सुरुवात शरीरापासून. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर मॉर्फिनसारखं औषध मिळणं इतकं किचकट झालं, की कॅन्सरचे रुग्ण ओरडत जात होते. २०१४ला कायदा बदलला. तो बदलावा म्हणून केरळचे डॉ. राजगोपाल आणि त्यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं कार्यालयांचे उंबरे झिजवत होती. मला विचाराल तर तीही वारीच.

दुसरं बजावणं, कीव करू नये. आपल्या कोल्हापूरच्या नसीमादीदी हुरजूक यांनी १९८४ला हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली, ती स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून. त्यांचं आत्मचरित्र ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचा. आजारी माणसाला 'अरेरे' ऐकू आलं की तो भिंतीकडे तोंड करतो.

मी ज्या घरांत जाते त्यांपैकी एक आजोबा आहेत, करवीर तालुक्यातले. माझं काम झालं, मी पिशवी उचलली, की ते दर वेळी म्हणतात, "सिस्टर, वाईच बसा की." औषध नको असतं, गप्पाही नको असतात. मी बसते. ते छताकडे बघतात, मी त्यांच्याकडे. दहा मिनिटांनी म्हणतात, "जावा आता." सूनबाई सांगते, त्या रात्री त्यांना झोप लागते.

आता ज्यासाठी मी बोलायचं कबूल केलं तिकडे येते. आपलं कोल्हापूर संकटात धावणारं गाव आहे. २०१९च्या महापुरात राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शिरोलीजवळ हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही. तरी घराघरांतून भाकरी निघत होती, तालमीची पोरं चिखली-आंबेवाडीकडे छातीभर पाण्यात उतरत होती. आपल्या वर्गातल्यांनीही तेव्हा किती केलं, मला माहीत आहे. पण पाणी ओसरतं. काही घरांत ते ओसरत नाही.

आपल्या 'ब' तुकडीतला, आपल्या कबड्डी संघाचा कप्तान, आज आलेला नाही. त्याचं नाव घेत नाही, तुम्हाला कळलंच आहे. आठ महिन्यांपूर्वी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती बातमी आली तेव्हा हात जोडलेल्या ६१ खुणा पडल्या. मी मोजल्या, बाई. घरी चौघं गेले. मी कोणाला दोष देत नाही. त्याला त्या अवस्थेत बघवत नाही, असं तुमच्यापैकी तिघांनी मला सांगितलं, आणि ते खरंच आहे. न बघवणं हे प्रेमातूनच येतं. फक्त तो तिकडे खिडकीतून गल्ली बघत असतो, आणि त्याची बायको आठ महिन्यांत एकदाही अंबाबाईला गेलेली नाही. तिला विचारूनच हे बोलतेय. तिनं पैसे मागितलेले नाहीत. ती म्हणाली, "ताई, आठवड्यातून दोन तास कुणी बसलं तर मी जरा बाहेर पडेन."

नोंदणीच्या टेबलावर मी एक वही ठेवलीय. वार आणि वेळ लिहा, दुपारी ४ ते ६. जाताना काय करायचं तेही सांगते. त्याच्या डाव्या बाजूला बसा, उजवीकडचं त्याला नीट दिसत नाही. उजवा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. पाणी किंवा चहा आपल्या मनानं देऊ नका, ठसका लागतो. बायको जे करून ठेवेल ते त्याला ताठ बसवून चमच्यानं द्या. मोठ्यानं बोलू नका, कान शाबूत आहेत, आणि त्याला सगळं समजतं. लहान मुलाशी बोलल्यासारखं तर मुळीच बोलू नका, तो चिडतो. बोलायला काही सुचलं नाही तर गप्प बसा. १९८०ची ती कबड्डीची मॅच काढलीत तर तो डाव्या हातानं मांडीवर थाप मारतो, मी दोनदा पाहिलंय. मिसळ त्याला बंद आहे, पण वास चालतो, असं त्याची बायको हसत सांगत होती.

सोमवार आणि शुक्रवार माझे. रविवारसाठी आत्ताच दोघांनी हात वर केलेत, त्यांनी आपसात ठरवावं. बुधवार अजून रिकामा आहे.