उजेड कुठून येतो?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



२००६ सालची गोष्ट. आमच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं आणि मी नुकताच पाच मेगापिक्सेलचा साधा डिजिटल कॅमेरा घेतला होता. रोल संपण्याची धास्ती नाही, फोटो धुऊन आणायचा खर्च नाही. दिवसभरात मी दीडशेच्या वर फोटो काढले. आजी म्हणालीसुद्धा, "अरे, दोनच काढ, पण नीट काढ."

पुढच्या वर्षी आजी गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा, म्हणून सगळे फोटो चाळले. ओवाळतानाच्या फोटोंत मागची खिडकी लख्ख आणि आजी काळी सावली. पंगतीतले फोटो हललेले. उरलेल्यांत माणसांची गर्दी आणि आजी कुठेतरी कोपऱ्यात. शेवटी कामी आला तो माझ्या दहा वर्षांच्या भाच्यानं सहज काढलेला फोटो. ओसरीवर मेथी निवडत बसलेली आजी. कॅमेरा तोच होता. मग माझं चुकलं कुठे?

पहिली चूक उजेडाची. कॅमेरा समोरच्या सगळ्या दृश्याचा उजेड मोजतो. मागे खिडकी असली की त्याला वाटतं, उजेड फार झाला. तो फोटो गडद करतो आणि चेहरा काळवंडतो. म्हणून माणसाला खिडकीच्या पुढे उभं न करता खिडकीच्या बाजूला बसवा. ओसरीवर अंगणाचा उजेड आजीच्या चेहऱ्यावर अलगद पडला होता. जागा बदलणं शक्यच नसेल, तर भरदिवसाही फ्लॅश मुद्दाम चालू करा.

पण फ्लॅशवर फार विसंबू नका. साध्या कॅमेऱ्याचा फ्लॅश जेमतेम दहा फुटांपर्यंत पोचतो. मांडवाच्या शेवटच्या रांगेतून व्यासपीठाकडे मारलेला फ्लॅश फक्त पुढच्या माणसांची डोकी उजळतो.

दुसरी चूक अंतराची. भाचा आजीसमोर जमिनीवर बसला होता, म्हणून कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आला. मी मात्र दुरून डिजिटल झूम वापरत होतो. हा झूम काही खरोखर जवळ नेत नाही. फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करतो, त्यामुळे चित्र भुरकट होतं. तो मेन्यूत जाऊन बंदच ठेवा आणि चार पावलं पुढे जा. मात्र अगदी नाकासमोर कॅमेरा धरला तर नाकच मोठं दिसतं. चार-पाच फुटांवर थांबा आणि लागेल तेवढा भिंगाचा, म्हणजे ऑप्टिकल झूम वापरा.

तिसरी चूक घाईची. बटण एकदम दाबू नका. आधी अर्धं दाबून धरा. कॅमेरा फोकस साधतो, बहुतेक कॅमेऱ्यांत हिरवी खूण दिसते. मग पूर्ण दाबा. कॅमेरा दोन्ही हातांत, कोपरं अंगाला टेकलेली. उजेड कमी असेल तर शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि हाताची थरथर फोटोत उतरते. अशा वेळी कॅमेरा स्टुलावर किंवा फळीवर ठेवून सेल्फ टायमर लावा.

आता बहुतेकांच्या हाती मोबाइलचा कॅमेरा आला आहे, पण साधा डिजिटल कॅमेरा अनेक घरांत कपाटात पडून असेल. तो जुना म्हणून टाकू नका. चार बाय सहा इंचांच्या छापील फोटोला दोन मेगापिक्सेलसुद्धा पुरतात. शंभर फोटोंतले दहा निवडा आणि छापून घ्या. कार्ड बिघडलं तर सगळेच एकदम जातात.

आणि सणावाराची वाट पाहू नका. समारंभाच्या गर्दीत माणूस हरवतं. घरातलं वडीलधारं माणूस एखाद्या सकाळी खिडकीपाशी भाजी निवडत बसलं असेल, पेपर वाचत असेल, तेव्हाच समोर जाऊन बसा. दोनच काढा, पण नीट काढा.