घरी निघालेले बाळ



आमच्या प्रसूतिकक्षातून घरी निघालेले बाळ बहुधा मोटारीत पुढे, आईच्या मांडीवर असते. मायेची मिठी कितीही घट्ट असो, ताशी ५० किलोमीटर वेगाच्या धडकेत ती बाळाला धरून ठेवू शकत नाही. २०१९ च्या कायद्याने १४ वर्षांखालील मूल मोटारीत सुरक्षित न बांधल्यास १००० रुपये दंड ठरविला आहे. हिशेब हा आमचा पेशा असला, तरी ही रक्कम येथे गौण होय.

तान्ह्याचे आसन मागील सीटवर, बाळाचे तोंड गाडीच्या मागील बाजूस येईल असे बसवावे. मान कोवळी असल्याने धडकेचा भार पाठीवर पसरणे आवश्यक असते. एअरबॅग सुरू असलेल्या पुढील सीटवर असे आसन कदापि ठेवू नये. आणि दुपटे? आधी पट्टे घट्ट बांधावेत, दुपटे वरून पांघरावे. गुंडाळलेल्या बाळाचे पट्टे सैलच राहतात.

काही देणगीदार वापरलेली आसने देऊ करतात. भावना आदरणीय आहे. परंतु अपघातात सापडलेले आसन वरून धड दिसले तरी निकामी असू शकते. पूर्वेतिहास अज्ञात असलेले आसन आम्ही म्हणूनच साभार परत करतो. नवी आसने लाभल्यास ती गरजू कुटुंबांस देण्याची आमची तयारी आहे.