विज्ञानाचा तास आणि मुलांची भाषा



संमेलनाच्या अध्यक्षाने आपल्या क्षेत्रातील सर्व प्रश्नांचा परामर्श घ्यावा असा शिरस्ता असला, तरी आज मी एकाच प्रश्नाला हात घालणार आहे. कारण तो सुटला तर इतर पुष्कळ प्रश्नांची उकल सुलभ होईल अशी माझी धारणा आहे. प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात भाषा आणि विज्ञान यांचे तास निरनिराळे असले, तरी मुलाची बुद्धी एकच असते. आणि पाहिलेली गोष्ट जोवर मुलाला स्वतःच्या वाक्यात सांगता व लिहिता येत नाही, तोवर ती त्याच्या ज्ञानात जमा झाली असे समजता येत नाही, हे माझे आजचे प्रतिपाद्य आहे.

शास्त्र स्वभाषेत आणण्याचा उद्योग महाराष्ट्राला नवा नाही. 1832 साली ‘दर्पण’ काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी 1840 मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक सुरू करून शास्त्रीय विषय मराठी वाचकापुढे ठेवले. 1928 पासून ‘सृष्टिज्ञान’ मासिकाने आणि 1966 पासून मराठी विज्ञान परिषदेने तीच परंपरा निष्ठेने चालविली. या पूर्वसूरींनी मुलांना वाचण्याजोगे शास्त्र मराठीत निर्माण केले. मुलांच्या हातून ते लिहवून घेण्याचे उत्तरदायित्व आता आपणा वर्गशिक्षकांकडे आले आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत साक्षरतेला अग्रक्रम दिला, हे सर्वथा उचित झाले. परंतु जेथे वाचनाच्या सरावासाठी परिसर अभ्यासाचाच तास खर्ची पडतो, तेथे मूल अक्षरे ओळखू लागते आणि लिहावे असे मात्र त्याच्यापाशी काही उरत नाही. याच्या उलट, जेथे विज्ञानाचा तास नियमाने होतो, तेथेही प्रश्नाचे उत्तर फळ्यावर लिहून त्याची वहीत नक्कल करविण्याचा प्रघात पडला आहे. परिणामी वर्गातील सर्व वह्या सुवाच्य, शुद्ध आणि तंतोतंत सारख्या होतात, आणि कोणत्या मुलाला काय उमगले याचा थांग शिक्षकाला लागत नाही.

उपाय खर्चाचा नाही. तिसरीच्या वर्गात भिजवलेली मटकी ओल्या फडक्यात, तितकीच पाण्यात पूर्ण बुडवून आणि तितकीच कोरडी, अशी तीन वाट्यांत ठेवावी, आणि दोन-तीन दिवस मुलांना रोज जे दिसेल ते लिहावयास सांगावे. फडक्यातील मटकीला लांब मोड येतात. बुडालेली फुगते, पण तिची वाढ खुंटते व तिला वास येऊ लागतो. कोरडी आहे तशीच राहते. एखादी मुलगी लिहिते, ‘पाणी मिळाले म्हणून मोड आले.’ शिक्षकाने हे वाक्य चूक की बरोबर असा निवाडा न देता एवढेच विचारावे की, बाळ, बुडालेल्या मटकीला तर सर्वांहून अधिक पाणी मिळाले, मग तिला असे मोड का आले नाहीत? त्या क्षणी वाक्यातील ‘म्हणून’ कसोटीला लागतो. मुलगी विचार करते, शेजारच्या मुलाशी वाद घालते आणि लिहिते, ‘जर नुसत्या पाण्याने मोड आले असते, तर बुडालेल्या मटकीलाही आले असते, तिला हवा मिळाली नसेल.’ ‘जर’ आणि ‘तर’ यांनी जोडलेले वाक्य तिने व्याकरणाच्या पुस्तकातून उचलले नाही, तिच्या तर्काला ते लागले. काय दिसले आणि त्यावरून काय वाटते, यांतील भेदही तिला येथेच कळतो. आणि हा भेद कळणे हा शास्त्राचा, तसाच चांगल्या गद्याचाही आरंभ आहे.

घरी वारली, कोरकू, गोंडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलांचा विचार येथे विशेष अगत्याने केला पाहिजे. कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी अंगणवाडी व कुरणशाळा चालवून शाळेलाच मुलाच्या दारी नेले. तोच न्याय भाषेलाही लावावयास हवा. ताटलीतील पाणी कमी झालेले पाहून मुलाने घरचे जे क्रियापद उच्चारले असेल, ते आदराने फळ्यावर लिहावे, त्यावर बोलू द्यावे, आणि अनुभव पक्का झाल्यावरच ‘बाष्पीभवन’ ही संज्ञा द्यावी. संज्ञा आधी आणि अनुभव मागून, असा क्रम ठेवला की घोकंपट्टीला आयतेच दार उघडते.

लेखनातून शास्त्रज्ञ घडतो याचा एक दाखला इतिहासात नमूद आहे. लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरडेने 1812 साली रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे स्वच्छ व सचित्र लिहून, स्वहस्ते बांधून डेव्हीकडे पाठविली, आणि 1813 मध्ये त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नोकरी मिळाली. पुढे याच फॅरडेने मुलांसमोर एका मेणबत्तीवर दिलेली व्याख्याने आजही वाचली जातात.

वेळ कोठून आणावा, असा आक्षेप येईल. आपल्या जिल्हा परिषद शाळांत बहुधा एकच शिक्षक एका वर्गाला भाषा आणि परिसर अभ्यास दोन्ही शिकवितो. तेव्हा शनिवारचा लेखनाचा तास आठवड्याच्या प्रयोगाला जोडण्यास कोणत्याही फर्मानाची गरज नाही. शुद्धलेखन बिघडेल, असेही म्हटले जाईल. पहिल्या वाचनात शिक्षकाने आशय पाहावा, दुसऱ्या वाचनात ऱ्हस्वदीर्घ. दोन्हींना न्याय मिळेल. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, सर्व वह्यांत एकच उत्तर दिसल्यास त्यांनी समाधान मानू नये, त्याची कैफियत विचारावी. परीक्षकांनीही प्रत्येक प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न असा घालावा, ज्याचे उत्तर पुस्तकात छापलेले नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, ठराव आपण संमत करूच. पण त्यांच्या अंमलबजावणीची वाट पाहत थांबू नका. येत्या आठवड्यात परिसर अभ्यासाच्या एका पाठाचे उत्तर फळ्यावर लिहू नका. वस्तू मुलांच्या हाती द्या, त्यांना मनमोकळे बोलू द्या, आणि त्या पाठाचे शेवटचे वाक्य प्रत्येक मुलाला आपापले लिहू द्या.