काडीपेटीतलं विज्ञान

काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी जवळ आहे? नळीच्या छोट्या तुकड्यांनी तीन काड्या जोडा. त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलंडतो. पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे पोरांना न सांगता कळतं.

ही युक्ती मध्य प्रदेशातली. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ गावच्या गुरुजींबरोबर बसले. 1978 मध्ये सरकारने कार्यक्रम जिल्हाभर नेला. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा! घोकंपट्टीची हवाच गेली.

त्याच वर्षी पुण्याच्या टेल्को या मोटार कंपनीतून रजा घेऊन अभियंते अरविंद गुप्ता तिथे गेले आणि काड्यांच्या खेळात रमले. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंची असंख्य खेळणी केली.

राज्य सरकारने 2002 साली होशंगाबादचा कार्यक्रम बंद केला. निर्णय चुकलाच. खेळणी मात्र गुप्तांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. आज संध्याकाळी मुलांबरोबर एखादं करून पाहा.