कॉफी : उकळलेली आणि पाझरलेली

हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत कॉफीच्या दोन रीती नांदत आल्या आहेत. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. दुधात साखर व पूड एकत्र उकळून वर जायफळ घालण्याची मराठी रीत येथील स्वयंपाकघरांत सहज रुजली. दुसरी रीत दक्षिणेची. सतराव्या शतकात बाबा बुदन या फकिराने यात्रेहून परतताना मोखाहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. त्या मुलखातील पाझरून काढलेली कॉफी उडुपी हॉटेलांतून हुबळीकरांच्या परिचयाची झाली. घरी मराठी बोलून कन्नडमध्ये काव्य रचणाऱ्या द. रा. बेंद्र्यांच्या धारवाडात या दोन रीती शेजारी नांदाव्यात, यात नवल नाही.

तथापि एक तक्रार घरोघरी ऐकू येते. हॉटेलातील कॉफी सुवासिक, घरची मात्र कडवट! मग गृहिणी पूड वाढवते, अधिक वेळ उकळते. त्यामुळे खर्च वाढतो, कडवटपणाही वाढतो. सुवास काही येत नाही. वस्तुतः दोष बहुधा पुडीच्या प्रमाणात नसून उकळण्यात असतो. कॉफीचा सुवास उष्णतेने उडून जाणाऱ्या द्रव्यांचा असतो. पूड खळखळू लागली की सारे घर दरवळते. पण जो सुवास घरात पसरला तो पेल्यातून गेलाच. मागे राहतात ती सावकाश विरघळणारी कडू द्रव्ये.

यावर उपाय म्हणजे पितळेचा वा स्टीलचा फिल्टर. त्याचे वरचे भांडे तळाशी बारीक छिद्रांचे असते, खालचे साधे. दोन पेल्यांसाठी सुमारे २० ग्रॅम पूड वरच्या भांड्यात घालून ती दट्ट्याने हलकेच सपाट करावी. फार दाबल्यास पाणी अडते. मोकळी सोडल्यास भरभर निसटते व अर्क पातळ उतरतो. पाण्याची उष्णता ९० ते ९६ अंश असावी. धारवाड समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांहून उंच असल्याने तेथे पाणी १०० अंशांपूर्वीच, सुमारे ९७-९८ अंशांवर उकळते. तेव्हा भांडे उतरवून अर्धा मिनिट थांबले की पुरे. प्रथम पूड भिजेल एवढेच पाणी घालावे. ती फुगली की उरलेले ओतावे. एकूण पाणी दीडशे मिलिलिटर घ्यावे. पूड आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवते. म्हणून अर्क शंभराच्या आसपासच मिळतो. झाकण ठेवून वीस मिनिटे तरी थांबावे. घाई करून फिल्टर हलवू नये.

अर्क पुन्हा चुलीवर ठेवू नये. दूध तेवढे कडकडीत तापवावे आणि पेल्यात अर्काशी मिसळावे. धारवाडच्या पेढ्याला ज्या म्हशीच्या दुधाने लौकिक दिला, ते घट्ट दूध कॉफीलाही मानवते. मात्र साय काढावी, नाहीतर अर्काची चव तिच्याखाली दबते.

पूड विकत घेतानाही डोळे उघडे हवेत. चिकोरी हे भाजलेले मूळ आहे, कॉफी नव्हे. ती रंग व दाटपणा देते, कॉफीचा सुवास देत नाही. मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी, असा नियम आहे, आणि वेष्टनावर प्रमाण छापलेले असते. ते न वाचता स्वस्त पुडा घेणारे कुटुंब जवळजवळ अर्धे मूळच विकत घेत असते. शक्य तर आठवड्यापुरतीच पूड दळून आणावी व घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. फिल्टरही रोज स्वच्छ धुवावा. छिद्रांत राहिलेला कालचा चोथा आजचा अर्क बिघडवतो.

मग जायफळाचे काय? त्यास हद्दपार करण्याचे कारण नाही. अनेक घरांत उपवासाच्या दिवशी आणि पाहुण्यांसाठी जायफळाची कॉफीच मानाची असते. फक्त जायफळाचा सुवासही कॉफीप्रमाणेच उडणारा आहे. म्हणून ते दुधाबरोबर न उकळता, पेला भरल्यावर चिमूटभर किसून घालावे. पाझरलेल्या अर्कावर ते घातले, तर दोन्ही रीतींचे उत्तम तेवढे एका पेल्यात येते, आणि त्यासाठी पुडीवर एक पैसाही अधिक खर्च होत नाही.