दगडाचा पत्ता



आज एका छोट्याशा चोरीची हकीकत सांगायची आहे. चोर दुसरातिसरा कुणी नाही, मीच. चोरलेली वस्तू म्हणजे बोटभर लांबीचा एक दगड. वजन पावशेरही नसेल. पण तो परत करायला मला वाशिम जिल्ह्यातल्या अनसिंगहून महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, सिरोंचा तालुक्यात जावे लागले. आणि तिथे जाऊनही तो खऱ्या अर्थाने परत करता आला नाही. का, ते सांगतो.

२०२३ च्या जानेवारीत कवितावाचनाच्या निमित्ताने मी चंद्रपूरला गेलो होतो. चामोर्शीकडे शिक्षक असलेले एक मित्र भेटले. म्हणाले, "एवढ्या लांब आलाच आहात, तर मार्कंडा पाहा. आणि दोन दिवस हाताशी असतील तर वडधमला जाऊ." मार्कंड्याचे नाव ऐकून होतो. वडधम पहिल्यांदाच ऐकत होतो.

मार्कंड्याला वैनगंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. त्या वळणावर हजारेक वर्षांपूर्वीच्या देवळांचा समूह उभा आहे. उभा आहे म्हणायचे, पण त्यातली कितीतरी देवळे पडली, काहींचे नुसते जोते उरले. मुख्य देवळावर सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी वीज पडली आणि शिखर कोसळले, असे सांगतात. भिंतींवर मूर्तींच्या रांगाच रांगा. दुरुस्तीसाठी उतरवलेले दगड बाजूला मांडून ठेवले होते आणि त्यांच्यावर आकडे घातले होते. मी विचारले, "हे कशाला?" मित्र म्हणाले, "हा त्या दगडाचा पत्ता. कोणता दगड कोणत्या थरात, कुणाच्या शेजारी होता, ते यावरून कळते. आकडा पुसला तर दगड राहील, देऊळ राहणार नाही."

वाक्य छान वाटले. कवी माणूस, मी ते वहीत टिपून घेतले. त्याचा अर्थ मात्र पुढच्याच दिवशी विसरलो.

आलापल्लीच्या पुढे सिरोंच्यापर्यंत शंभरेक किलोमीटर सागाचे जंगल लागते. आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी, तूर आणि सोयाबीन बघायची सवय. इथे सावलीच सावली. दुकानांवरच्या पाट्या हळूहळू तेलुगू होत गेल्या. बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, माडिया अशा भाषा एकाच वेळी कानावर पडत होत्या आणि कुणाचे काही अडत नव्हते.

वडधमला वन विभागाने जीवाश्म पार्क केले आहे. जीवाश्म म्हणजे दगड झालेला जीव. जंगलातल्या मोकळ्या जागेत एक खोड आडवे पडले होते. दुरून वाटले, वादळात पडलेला साग असेल. जवळ गेलो. सालीच्या रेषा होत्या, फांदी निघाल्याची गाठ होती, एका टोकाला ढलपाही निघालेला दिसत होता. हात लावला, तर थंडगार दगड.

हे कसे होते? झाड पडते तेव्हा एरवी ते कुजते, वाळवी लागते, माती होते. पण एखाद्या मोठ्या पुरात ते वाहून गेले आणि गाळाखाली झटकन गाडले गेले, तर त्याला हवा लागत नाही, कुजणे थांबते. मग जमिनीतल्या पाण्यात विरघळलेली सिलिका, म्हणजे गारगोटीचेच द्रव्य, लाकडाच्या पेशीपेशीत शिरून बसते. लाकूड हळूहळू जाते आणि त्याच्याच आकाराचा दगड मागे उरतो. त्या पाण्यात लोह असेल तर दगडाला तांबडा-पिवळा रंग चढतो. एखाद्याचे पत्र अक्षर न् अक्षर दुसऱ्या शाईने गिरवून काढावे, तसे हे काम. फक्त गिरवणाऱ्याला घाई नसते.

या भागातले हे खडक सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. आमच्या अनसिंगची काळी माती ज्या काळ्या दगडाची झाली, तो लाव्हारस साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरला. म्हणजे हे खोड पडले तेव्हा आमच्या पायाखालचा खडकदेखील जन्माला आला नव्हता.

याच सिरोंचा परिसरात, पोचमपल्ली गावाजवळ, एक फार मोठा शोध लागला. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी पामेला रॉबिन्सन या इंग्रज संशोधक बाईंना बोलावून आपल्या संस्थेत भूगर्भशास्त्राचे काम सुरू केले. त्यातूनच या मंडळींनी प्राणहिता-गोदावरीचे खोरे पायांखाली घातले. १९५८ पासून हाडे सापडू लागली. १९६०-६१ मध्ये मोठे खोदकाम झाले आणि सुमारे ३०० हाडे निघाली. मांडीचे एकेक हाड साडेपाच फूट, म्हणजे माझ्याएवढे. प्राणी पंचेचाळीस फुटांच्या आसपास लांब, चार पायांवर चालणारा, पाला खाणारा डायनोसॉर. हाडे एका जनावराची नव्हती, निदान सहा जनावरांची होती. काही दात मिळाले, पण डोक्याची कवटी एकाचीही सापडली नाही.

त्याचे नाव ठेवले 'बारापासॉरस टागोरी'. बंगालीत 'पा' म्हणजे पाय, म्हणून हा मोठ्या पायाचा. 'सॉरस' ग्रीक, म्हणजे सरडा. आणि टागोरी? १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांचे जन्मशताब्दी वर्ष होते, म्हणून. विदर्भाच्या मातीत सापडलेल्या जनावराला एका कवीचे नाव मिळाले, हे आम्हा विदर्भातल्या कवींनाच ठाऊक नव्हते. त्याचा सांगाडा आज कोलकात्यात त्या संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे.

मला सगळ्यात जास्त भिडली ती दुसरी गोष्ट. ती हाडे जिथे सापडली, तिथेच झाडांची मोठमोठी दगडी खोडे त्यांच्यात मिसळून पडलेली होती. त्यावरून शास्त्रज्ञांनी अंदाज बांधला, की हा कळप पुरात सापडला असावा आणि उन्मळलेल्या झाडांबरोबर वाहत येऊन एका जागी गाळात रुतला असावा. हाड आणि खोड शेजारी शेजारी होते, म्हणून पूर कळला. ती वेगवेगळी कुणी उचलून नेली असती, तर नुसती हाडे मिळाली असती आणि नुसते दगड मिळाले असते. पूर मिळाला नसता.

आम्हांला पार्क दाखवणाऱ्या तरुण रखवालदाराने एका झाडाकडे बोट दाखवले. बुंध्यावर बराच वर गाळाचा पट्टा होता. २०२२ च्या जुलैमध्ये सिरोंचा भागात मोठा पूर आला होता, त्याची ती खूण. तो म्हणाला, "सर, डायनोसॉरचा पूर कुणी पाहिला नाही, पण हा आम्ही पाहिला." त्याच्या काकाची मिरची त्या पुरात गेली होती.

आता चोरीकडे येतो. त्याच रखवालदाराने आल्या आल्या सांगितले होते, "काही उचलू नका." आम्ही माना डोलावल्या. मित्र आणि तो पुढे बोलत चालले होते. माझ्या पायाशी एक छोटा तुकडा दिसला. तांबूस, लाकडासारख्या रेषांचा. इकडेतिकडे पाहिले आणि खिशात टाकला. मनात म्हटले, एवढे मोठे रान, एका तुकड्याने काय होणार? शिवाय मी याच्यावर कविता लिहिणार! कवी लोक अशी सवलत स्वतःला फार लवकर देतात.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "ये क्या उठा लाए जी?" मी ऐटीत सांगितले, "अठरा कोटी वर्षांचे लाकूड आहे." ती म्हणाली, "चूल में जलेगा क्या?" दगड पुस्तकांच्या फळीवर गेला. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागलो. कविता काही आली नाही.

वर्षभराने माझ्या मोठ्या भावाच्या मुलीचा अमेरिकेतून फोन आला. ती ॲरिझोनात, फिनिक्सला राहते. सुटीत ती सगळी मंडळी 'पेट्रिफाइड फॉरेस्ट' नावाच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन आली होती. पेट्रिफाइड फॉरेस्ट म्हणजे दगड झालेले जंगल. ते सगळे वाळवंटात. झाड नावाला नाही आणि जिकडे पाहावे तिकडे २० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे लाल, पिवळे, जांभळे ओंडके. १९०६ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी, थिओडोर रूझवेल्ट यांनी, ही जागा राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केली. १९६२ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली. तिथे शेकडो वर्षांपूर्वीच्या मूळ रहिवाशांच्या गावाचे अवशेषही आहेत. एक घर तर चक्क दगडी लाकडाच्या तुकड्यांनी बांधलेले आहे.

ते ऐकून मी हसलो. आपल्याकडे वऱ्हाडात तरी वेगळे काय? पडक्या गढीचा दगड कुणाच्या जोत्याला, कुणाच्या उंबऱ्याला लागलेला आपण पाहतोच. ज्याला डोक्यावर छप्पर हवे, तो हाताशी असलेला दगड घेणारच. त्याला मी चोर म्हणणार नाही. माझ्या डोक्यावर छप्पर होते.

पण पोरीने पुढे सांगितले ते ऐकून मी गप्प झालो. "चाचा, तिथे लोकांची पत्रं लावलीत. दगड चोरून नेलेल्या लोकांची." गेली कितीतरी दशके लोक तिथून खिशात घालून नेलेले तुकडे टपालाने परत पाठवतात. कुणी लिहितो, दगड घरात आला आणि नोकरी गेली. कुणाचे लग्न मोडले. कुणी नुसते 'माफ करा' लिहितो. उद्यानाची माणसे मात्र ते दगड पुन्हा रानात ठेवत नाहीत. कारण मुळात कुठला तुकडा कुठे होता, हे कुणालाच ठाऊक नसते. चुकीच्या जागी ठेवला, तर उद्याच्या अभ्यासकाला तो खोटी साक्ष देईल. म्हणून आतल्या एका रस्त्याच्या कडेला त्या परत आलेल्या दगडांचा ढीग करून ठेवला आहे. सदसद्विवेकाचा ढीग, असेच त्याला म्हणतात.

माझे काही वाईट झाले नव्हते. शकुन-अपशकुनावर माझा विश्वासही नाही. पण त्या रात्री मार्कंड्याचे आकडे घातलेले दगड डोळ्यांपुढे आले आणि झोप लागेना. फळीवरच्या दगडाचा आकडा मीच पुसला होता.

२०२४ च्या फेब्रुवारीत एसटीने निघालो. पुसद, यवतमाळ, चंद्रपूर, आलापल्ली. वाटेत एक गोष्ट लक्षात आली. आमच्याच भागात उगम पावणारी पूस नदी पुसदवरून जाऊन पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला, वर्धा वैनगंगेला. दोघींची प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. म्हणजे आमच्या शिवारातला पाऊस मी तिकीट काढण्याच्या कितीतरी आधीपासून तिथवर जातो आहे. सिरोंचा मला परका मुलूख वाटत होता. तो माझ्याच नदीचा खालचा काठ निघाला.

रखवालदार तोच होता. मी रुमालात बांधलेला दगड त्याच्या हातावर ठेवला आणि खरे काय ते सांगितले. वाटले होते, ओरडेल. तो ओरडला नाही. दगड उलटसुलट करून म्हणाला, "कुठून उचलला होता, सर?"

मी त्या मोकळ्या जागेकडे पाहिले. या खोडाच्या अलीकडे की पलीकडे? त्या चरात की वरच्या उतारावर? मधे एक पावसाळा होऊन गेला होता. मला सांगता येईना. पन्नाशी ओलांडलेला, चार पुस्तके लिहिलेला माणूस एका पोरासमोर मान खाली घालून उभा होता. तो म्हणाला, "मग आता रानात नाही ठेवता येणार." त्याने दगड नेऊन चौकीत एका पत्र्याच्या डब्यात टाकला. डब्यात आणखी पाचसात तुकडे होते. माझ्यासारखे आणखी कुणी तरी येऊन गेले होते.

मला लोक कधी कधी विचारतात, "तुम्ही मुसलमान असून मराठीत कसे काय लिहिता?" पूर्वी मी लांबलचक उत्तर द्यायचो. हल्ली म्हणतो, "माझा पत्ता अनसिंग आहे." ज्या थरात माणूस वाढतो, ज्यांच्या शेजारी वाढतो, त्यावरूनच तो कळतो. तिथून उचलून त्याला वेगळ्याच फळीवर ठेवले, तर त्याच्याबद्दल जे सांगाल ते अंदाजपंचे.

श्रोतेहो, वडधम आणि मार्कंडा जरूर पाहा. मुलांना न्या. वही न्या, पेन्सिल न्या, फोटो काढा. खिसे मात्र रिकामे आणा. आणि नांगरताना, विहीर खणताना एखादा वेगळा दगड, एखादे विचित्र हाड निघाले, तर ते धुऊनपुसून ओट्यावर मांडू नका. असेल तिथे राहू द्या, जागेची खूण करा आणि गावातल्या शाळेत किंवा तहसील कचेरीत कळवा. दगड लाखो वर्षे थांबलेला असतो, तो आणखी आठ दिवस थांबेल.

माझ्या फळीवरची ती जागा आता रिकामी आहे. तिथे काही ठेवलेले नाही. कुणी विचारले, की हीच हकीकत सांगतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)