अभिरुची आणि सार्वजनिक जीवन



रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथामुळे कांटचा सौंदर्यविचार मराठी वाचकास परका राहिलेला नाही. मात्र त्याची राजकीय बाजू सहसा उपेक्षितच राहते. १७९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कांटने एका राजवाड्याचा दाखला दिला आहे. वाडा सुंदर आहे काय, असे विचारले असता एखादा मनुष्य प्रजेच्या घामावर चाललेल्या थोरांच्या उधळपट्टीविषयी रूसोप्रमाणे संताप व्यक्त करील. संताप रास्त असेल, परंतु प्रश्न तो नव्हता, असे कांटचे म्हणणे. येथे राजकारणाला दार बंद झालेसे वाटते.

ते दुसऱ्या दाराने परत येते. 'मला हे आवडते' हा ज्याच्या त्याच्या जिभेचा मामला. तिखट कोणास रुचते, कोणास नाही. 'हे सुंदर आहे' असे म्हणणारा मात्र सर्वांच्या संमतीची अपेक्षा करतो, आणि ती सिद्ध करून घेण्याजोगा कोणताही नियम त्याच्यापाशी नसतो! इतरांच्या जागी उभे राहून पाहणे आणि आर्जवाने मन वळवणे, एवढेच त्याच्या हाती असते. १९३३ साली जर्मनी सोडावा लागलेल्या हॅना आरेंट यांनी १९७० च्या न्यूयॉर्क येथील व्याख्यानांत नेमके येथेच कांटचे अलिखित राजकीय तत्त्वज्ञान शोधले.

त्या जर्मनीत काय घडले? नोव्हेंबर १९३६ मध्ये गोबेल्सने कलासमीक्षेवरच बंदी घातली. लेखकाने वर्णन करावे. निवाडा शासन करील. पुढील जुलैत म्यूनिकला शासनमान्य कलेचे प्रदर्शन उघडले आणि दुसऱ्याच दिवशी 'अधःपतित' कलेचे. या दुसऱ्यात सुमारे साडेसहाशे कलाकृती दाटीवाटीने लावून भिंतींवर कुचेष्टेची वाक्ये लिहिली होती. एकट्या म्यूनिकमध्ये वीस लाखांवर लोकांनी ते पाहिले. निंदेसाठी मांडलेल्या चित्रांपुढे कोणी मनातल्या मनात थबकलेही असेल; त्याची नोंद कोण ठेवणार?

एमिल नोल्डे हा चित्रकार स्वतः नाझी पक्षाचा सभासद आणि ज्यूद्वेष्टा. तरीही संग्रहालयांतून त्याच्या हजारावर कलाकृती जप्त झाल्या. युद्धानंतर बळी म्हणून त्याचा गौरव झाला. २०१९ च्या बर्लिन येथील प्रदर्शनाने त्याची खरी मते उघड मांडली. त्या प्रदर्शनासाठी चान्सलर मर्केल यांच्या कार्यालयातून नोल्डेचे एक सागरचित्र नेण्यात आले, ते पुन्हा तेथे लागले नाही. लाटा पूर्वीच्याच होत्या. कांटच्या राजवाड्यापुढे विचारलेला प्रश्न त्या रिकाम्या भिंतीपुढेही तसाच उभा राहिला.